प्रत आणि परत

मराठीत ‘प्रत’ आणि ‘परत’ हे दोन शब्द इतके लगटून उभे आहेत की, बोलताना जीभ जराशी रेंगाळली तर एकाच्या जागी दुसरा उमटावा. वस्तूची नक्कल करून ठेवली की ती प्रत. गेलेली वस्तू पुन्हा हाती आली की ती परत. यंत्राच्या बोलीत पहिल्याला बॅकअप म्हणतात आणि दुसऱ्याला रिस्टोर. लोक पहिल्याची थोडीबहुत काळजी वाहतात. दुसऱ्याची आठवण त्यांना फोन पाण्यात पडल्यावर होते. ह्या लेखात ज्या कृतीचे परीक्षण करावयाचे आहे, ती ह्या दोन शब्दांच्या मधल्या जागेत घडते. ती कृती म्हणजे रूट केलेल्या अँड्रॉइड फोनची बाहेरच्या साठ्यावर प्रत घेणे, आणि वेळ आली की ती परत बसविणे.

दिवाळी अंकात कादंबरीचे परीक्षण यावे, नाटकाचे यावे. फोनचे कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर एवढेच की, घरातले बहुतेक लेखन आता ह्याच यंत्रात होते. आजीने अनारशाचे प्रमाण सांगितले ते कोणी कागदावर उतरवून घेत नाही. तिच्या आवाजातच ते साठवले जाते. मुलाचे पहिले पाऊल, भिशीचा हिशेब, मामाने परदेशातून धाडलेला निरोप, सारे तेथेच. आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांची कच्ची प्रकरणेदेखील वहीतून उठून फोनमधल्या टिपणवहीत जाऊन बसली आहेत. जी वस्तू एवढ्या गोष्टींची राखण करते, किंवा करते असा आव आणते, तिच्याकडे टीकाकाराने पाठ का फिरवावी?

मात्र परीक्षण करावयाचे तर निकष आधी सांगितले पाहिजेत. माझे चार आहेत. प्रत पूर्ण आहे काय? मूळ वस्तू नष्ट झाली तरी प्रत जिवंत राहील काय? ती परत बसते काय? आणि चौथा, जो मला सर्वांत मोलाचा वाटतो: प्रतीत जे आलेले नाही, ते आलेले नाही असे ती स्वच्छ सांगते काय? पहिल्या तिन्हींत उणे पडलेल्या कृतीलाही मी चौथ्याच्या जोरावर उत्तीर्ण करीन. पण चौथ्यात खोटी ठरलेली कृती मला क्षम्य वाटत नाही, कारण ती मालकाला निर्धास्त करून फसविते.

आता ज्याची प्रत घ्यावयाची तो फोन आतून कसा आहे ते पाहू. एखादा जुना वाडा डोळ्यांपुढे आणावा. वाड्यात अनेक बिऱ्हाडे आहेत. प्रत्येक ॲप हे एक बिऱ्हाड. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स नावाची प्रणाली असते. ॲप बसविताना तिच्याकरवी त्याला एक स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाच्या नावाने एक खोली लावून दिली जाते. आपल्या चिठ्ठ्याचपाट्या, हिशेब, किल्ल्या ते ॲप त्या खोलीत ठेवते. शेजारच्या बिऱ्हाडाला आत डोकावता येत नाही. ही व्यवस्था शहाणपणाची आहे. उजेड पाडणाऱ्या विजेरीच्या ॲपने बँकेच्या ॲपची कागदपत्रे वाचू नयेत, हे कोणालाही पटेल. पण वाडा बांधणाऱ्याने आणखी एक गोष्ट केली. त्याने वाड्याच्या मालकालाही ह्या खोल्यांच्या किल्ल्या दिल्या नाहीत. अंगण मालकाचे: तेथे छायाचित्रे, गाणी, उतरवून घेतलेली कागदपत्रे त्याने ठेवावीत, हलवावीत, न्यावीत. खोल्यांत काय आहे ते मात्र त्याने पाहावयाचे नाही. मग त्याची नक्कल करणे दूरच राहिले.

लिनक्सने ज्या युनिक्स प्रणालीची रीत उचलली, तिच्यात सर्वाधिकारी वापरकर्त्याचे नाव ‘रूट’ आणि त्याचा क्रमांक शून्य. फोन रूट करणे म्हणजे हा शून्य क्रमांकाचा अधिकार मालकाने आपल्याकडे घेणे. ह्याचा इतिहास अँड्रॉइडइतकाच जुना आहे. २००८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत पहिला अँड्रॉइड फोन विक्रीस आला. तो एचटीसी कंपनीने बनविला होता. पुढच्याच महिन्यात असे आढळून आले की, त्यावर टंकलेली अक्षरे पडद्यावर उमटत ती उमटतच, शिवाय एका बुजवावयाच्या राहिलेल्या वाटेने थेट सर्वाधिकाऱ्याचे हुकूम म्हणूनही यंत्राला पोचत. कोणी मित्राला निरोप लिहिताना नव्या ओळीवर नुसता ‘रीबूट’ हा शब्द लिहून ओळ संपवावी, की फोन आज्ञाधारकपणे बंद होऊन पुन्हा सुरू व्हावा! गूगलने ती वाट तातडीने बुजविली, आणि ते योग्यच झाले. परंतु तेवढ्या अवधीत काही जिज्ञासूंनी त्याच वाटेने आत शिरून रूटचा अधिकार मिळविला होता. आपल्याच घरात आपण चोरवाटेने शिरावे लागते, ही जाणीव तेव्हापासून ह्या मंडळींना आहे.

मालकाला ज्या प्रती राजमार्गाने मिळतात, त्यांचे गुणदोष प्रथम पाहिले पाहिजेत. २०११ साली आलेल्या अँड्रॉइडच्या चौथ्या आवृत्तीत, फोन तारेने संगणकाला जोडून एका हुकमाने ॲपांची प्रत घेण्याची सोय झाली. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीने त्याहून सोपी सोय केली: प्रत्येक ॲपची २५ मेगाबाइटपर्यंतची माहिती गूगलच्या दूरस्थ साठ्यावर आपोआप जाऊ लागली. मालकाला काही करावे लागत नाही, हा ह्या योजनेचा गुण आहे. पण दोन्ही सोयींत एक मेख आहे. ॲप लिहिणाऱ्याला नकाराचा अधिकार आहे. त्याने आपल्या ॲपच्या घोषणापत्रात ‘प्रत नको’ असा एक शब्द लिहिला, की त्या खोलीचे दार प्रत घेणाऱ्याला बंद. पुढे २०२१ च्या बाराव्या आवृत्तीने तारेच्या सोयीचा कणाच काढून घेतला. त्या आवृत्तीसाठी बनविलेल्या ॲपांची माहिती संगणकावरच्या प्रतीतून एरवी वगळलीच जाते.

बिऱ्हाडकरूने आपली खोली दुसऱ्या बिऱ्हाडकरूपासून जपावी हे समजते. ज्या घरात तो राहतो त्या घराच्या मालकाला आपल्याच हिशेबाची नक्कल मिळू नये, हे मला न्यायाचे वाटत नाही. टिपणे मी लिहितो, शब्द माझे, श्रम माझे. आणि त्यांची प्रत होऊ द्यावयाची की नाही हे ठरविणार कोण, तर ज्या कारागिराने वहीचे पुठ्ठे बांधले तो! चौथ्या निकषावर ही राजमान्य प्रत आणखीच उणी पडते. कोणत्या बिऱ्हाडाने नकार दिला, ह्याची ठळक यादी ती मालकापुढे ठेवीत नाही. मालक समजतो, सारे वर गेले आहे.

ह्या असमाधानातून दुसऱ्या परंपरेच्या कृती जन्मल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली म्हणजे टीम विन रिकव्हरी प्रोजेक्ट, संक्षेपाने टीडब्ल्यूआरपी. ती २०११ पासून लोकांच्या वापरात आहे आणि अशा पूर्ण प्रतीला तिचे भक्त ‘नॅनड्रॉइड’ म्हणतात; फोनमधल्या नँड ह्या स्मृतीच्या जातीचे नाव आणि अँड्रॉइड ह्यांचा हा संधी. रिकव्हरी हा फोनमधला दुसरा, छोटासा संसार असतो. मोठा अँड्रॉइड झोपलेला असताना तो एकटा जागा होतो. म्हणूनच ह्या प्रतीत एक दुर्मीळ गुण उतरला आहे: ज्याची नक्कल घ्यावयाची ते नक्कल चालू असताना हलत नाही. चुळबुळणाऱ्या पोराचे माप घेताना शिंप्याची जी त्रेधा उडते, ती येथे उडत नाही. फोन चालू करणारा भाग, प्रणालीचा भाग, सर्व खोल्यांसकट माहितीचा भाग, आणि पुष्कळ फोनांत यंत्राची ओळख राखणारा भागदेखील वेगवेगळा मोजून, गाठोडी बांधून ही कृती बाजूला काढते. शून्य क्रमांकाचा अधिकार तिच्याकडे असल्यामुळे ॲपकर्त्याच्या नकाराची तिला पर्वा नाही. ज्याने ही कृती पहिल्यांदा चालताना पाहिली त्याला झालेला आनंद मी समजू शकतो. आपल्या घराच्या साऱ्या खोल्या एकदम उजळल्या, असा तो आनंद आहे.

पण टीकाकाराने आनंदात असतानाही बारीक अक्षरे वाचली पाहिजेत. प्रत घेण्याच्या पडद्यावर ‘डेटा’ ह्या नावापुढे कंसात एक लहानशी पुस्ती असते. तिचा अर्थ ‘साठा सोडून’. हा साठा म्हणजे कोणता? वर ज्याला मी अंगण म्हटले तेच! छायाचित्रे, चलच्चित्रे, उतरवलेली कागदपत्रे, आवाज, ह्यांतले काही नॅनड्रॉइडमध्ये येत नाही. ‘पूर्ण प्रत’ म्हणून जिचा गौरव होतो, तिच्यात मुलाचे पहिले पाऊल नाही. ह्याला कारण आहे आणि ते सबळ आहे. ही प्रत ठरीव म्हणून त्याच अंगणात ठेवली जाते. ज्या पेटीत प्रत ठेवावयाची ती पेटीच प्रतीत कशी घालावी? कारण पटते. तरीही ज्या ओळीवर घराचा सारा ठेवा अवलंबून आहे ती ओळ कंसात, आणि काम यशस्वी झाल्याची ग्वाही मात्र ठळक, ही मांडणी मला सदोष वाटते. चौथ्या निकषावर मी ह्या कृतीला नापास करीत नाही, कारण तिने सांगितले आहे. पण ती पुटपुटली आहे, बोललेली नाही.

दोन्ही परंपरा शेजारी ठेवल्या म्हणजे एक विलक्षण चित्र दिसते. राजमार्गाने जाणारा सामान्य मालक अंगण वाचवितो. खोल्या त्याच्या हातून जातात. रूटवाला खोल्या वाचवितो. आणि कंसाकडे लक्ष गेले नाही तर अंगण त्याच्या हातून जाते. प्रत्येकाजवळ अर्धा वाडा, आणि प्रत्येकाची समजूत की आपल्याजवळ सारा आहे.

अर्ध्या प्रतीने काय हरवते, ते एका उदाहरणाने सांगतो. व्हॉट्सॲपवर आलेले बोलके निरोप अंगणात पडलेले असतात. त्यांची फाइलवार नक्कल कोणालाही करता येते. फाइलीच्या नावात तारीखही असते. पण तो निरोप कोणाचा, कोणत्या संभाषणातला, आधी काय विचारले होते आणि नंतर काय उत्तर गेले, ही सारी गुंफण खोलीतल्या नोंदवहीत असते. त्या नोंदवहीची एक नक्कल ॲप स्वतःच अंगणात ठेवते खरे, पण कूटलिपीत. तिची किल्ली एरवी पुन्हा खोलीत, आणि ती नव्याने मिळविण्यासाठी तोच दूरध्वनी क्रमांक पुन्हा सिद्ध करावा लागतो. आता समजा, घरातले एखादे वडीलधारे माणूस गेले. काही महिन्यांनी त्याचा क्रमांक बंद झाला. त्याच्या फोनमधून कोणी केवळ अंगण उचलून ठेवले होते. शेकडो आवाज उरले. पण मुलीला धाडलेला कोणता, नातवाला कोणता, कोणत्या प्रश्नाला दिलेले उत्तर कोणते, हे सांगणारा धागा तुटला. पोथीची पाने आहेत, पण पत्रांक पुसले गेले आहेत. ज्याने कधी लिहिले आहे त्याला कळेल की, सुटी वाक्ये म्हणजे ग्रंथ नव्हे.

आता बाहेरच्या साठ्याकडे वळू. दुसरा निकष येथे लागतो. घर जळाले तर घरातच ठेवलेली नक्कलही जळणार, हे सांगावयास तज्ज्ञ नको. तरी वर म्हटल्याप्रमाणे टीडब्ल्यूआरपी आपली गाठोडी, वेगळे सांगितले नाही तर, फोनच्याच पोटात ठेवते. त्याच कृतीत माहितीचा भाग समूळ पुसण्याची एक सोय आहे. ती चालविण्यापूर्वी ‘यस’ असे शब्द टंकून वदवून घेतले जाते. ते टंकले की अंगणासकट सारे जाते आणि सकाळी घेतलेली प्रतही त्याबरोबर जाते. साठा निवडण्याच्या ठिकाणी कार्ड किंवा तारेने जोडलेली पेनड्राइव्ह निवडली, की हा धोका टळतो. साधी गोष्ट आहे, पण ती मालकाने करावी लागते.

बाहेरचा म्हटलेला साठा खरोखरच बाहेर आहे काय, हेही तपासले पाहिजे. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीने कार्ड ‘दत्तक’ घेण्याची सोय काढली. दत्तक गेलेले कार्ड फोनच्या आतल्या साठ्याचाच भाग होते. त्यावरची अक्षरे कूटलिपीत जातात आणि किल्ली त्या एका फोनपाशी राहते. फोन मोडला की कार्ड शाबूत असूनही वाचता येत नाही. हाताला ते बाहेर काढता येते, पण अर्थाने ते आतच असते. आपल्याकडे दत्तक गेलेल्या मुलाचे गोत्र बदलते, तसेच हे. ज्याला प्रत ठेवण्यासाठी कार्ड हवे आहे त्याने ते दत्तक देऊ नये. शिवाय अलीकडच्या अनेक फोनांत कार्डाची खाचच नाही. पहिल्याच अँड्रॉइड फोनला होती ती सॅमसंगने आपल्या गॅलेक्सी एस मालिकेतून २०२१ साली काढून टाकली. तेव्हा तारेने जोडलेला साठा, किंवा घरचा संगणक, हाच अनेकांना उरलेला मार्ग आहे.

कार्डाचा आणखी एक स्वभाव आहे, आणि तो कारागिराला ठाऊक असतो, गिऱ्हाइकाला नसतो. लहान कार्डांवर बहुधा फॅट-३२ नावाची जुनी मांडणी असते. तीत एक फाइल चार गिगाबाइटपर्यंत पोचू शकत नाही. म्हणून मोठ्या गाठोड्याचे तुकडे करावे लागतात आणि टीडब्ल्यूआरपी ते स्वतः करते. पण ह्याहून मोठी उणीव अशी की, ह्या मांडणीत फाइलीचा मालक कोण हे लिहिण्याची जागाच नाही. कोणी रूटचा अधिकार घेऊन एखाद्या ॲपची खोली जशीच्या तशी कार्डावर ओतली, तर सामान पोचते. सातबारा पोचत नाही. परत आणताना ॲपला नवा क्रमांक मिळालेला असतो, सामान भलत्याच नावावर चढलेले असते, आणि ॲप आपल्याच वस्तूंना हात लावू शकत नाही. म्हणून जाणत्या कृती सामान मोकळे ओतीत नाहीत. टार नावाच्या गाठोड्यात बांधून, प्रत्येक वस्तूवर मालकाची चिठ्ठी लावून ठेवतात आणि परत देताना नावे नव्या क्रमांकावर चढवितात. २०१० च्या दशकात टायटॅनियम बॅकअप ह्या कृतीने नाव कमावले ते ह्याच कारकुनी चोखपणामुळे. नीओ बॅकअप ही मुक्त परंपरेतली कृती आज तेच काम करते. साऱ्या वाड्याऐवजी एकेक खोली उचलण्याची त्यांची रीत मला घरगुती उपयोगाला अधिक शहाणी वाटते. सारा वाडा परत बसविला की तो त्या दिवशीचाच वाडा असतो, आणि तोही त्याच फोनवर. नव्या फोनवर जुन्या फोनची प्रणाली लादणे म्हणजे एकाच्या अंगरख्यात दुसऱ्याला कोंबणे होय. खोली मात्र नव्या वाड्यातही मांडता येते.

येथवर प्रतीचा विचार झाला, आता परतीचा. नक्कल अस्सलाबरहुकूम आहे की नाही, हा प्रश्न आपल्या वाङ्मयाला नवा नाही. नकलकारांच्या हातून ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यांना प्रती ताडून पाहाव्या लागल्या. यंत्रही हेच एका छोट्या रीतीने करते. गाठोडे बांधताना त्यातल्या अक्षरांवरून एक खूणआकडा काढून ठेवावयाचा, आणि सोडण्यापूर्वी तो पुन्हा काढून जुळवून पाहावयाचा. एक अक्षर बदलले असले तरी आकडा जुळत नाही. ही पडताळणी वेळ खाते म्हणून ती गाळण्याची मुभा टीडब्ल्यूआरपी देते. मुभा घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की, बाजारात खोट्या मापाची कार्डे विकली जातात. ती आपले पोट आहे त्याहून मोठे सांगतात, भरल्यावरही घेतच राहतात, आणि वरचे सारे मुकाट्याने टाकून देतात. शिगोशीग भरल्यासारखी दिसणारी कणगी तळाशी फुटकी असावी, तसे ते आहे.

खूणआकडा जुळला तरी सारेच परत येते असे नाही. आजच्या बहुतेक फोनांत एक तिजोरी असते. तिच्यात घडलेली किल्ली वापरता येते, पण तिजोरीबाहेर काढता येत नाही. शून्य क्रमांकाच्या अधिकाऱ्यालाही नाही. काही ॲपे आपली नोंदवही अशा किल्लीने कुलूपबंद करतात. ॲप पुसले की किल्ली नाहीशी होते; मग खोलीची तंतोतंत प्रत परत मांडली तरी ती न उघडणाऱ्या पेट्यांनी भरलेली खोली असते. २०१६ च्या सातव्या आवृत्तीपासून फाइलवार कुलपाची रीत आली आणि २०१९ च्या दहाव्या आवृत्तीसह निघणाऱ्या फोनांना ती सक्तीची झाली. त्यामुळे रिकव्हरीलाही आता मालकाचा आकडा विचारून आत जावे लागते, आणि काही नव्या फोनांत तेवढ्यानेही दार उघडत नाही. चोरी झालेल्या फोनातली अब्रू राखावयाची तर ही कुलपे हवीतच. परंतु चोराला अडविणारे कुलूप आणि मालकाला अडविणारे कुलूप ह्यांत भेद करण्याइतकी कला ह्या कारागिरीला अजून साधलेली नाही, असे मला वाटते.

सर्वांत मोठा पेच तर दाराशीच आहे. रूटचा अधिकार रीतसर घ्यावयाचा तर आधी बूटलोडर नावाचे महाद्वार उघडावे लागते, आणि ते उघडताच फोन आतली सारी माहिती पुसून टाकतो. चोराच्या हाती सापडलेल्या फोनातून कोणी माहिती काढू नये, म्हणून हा नियम. आणि तो बरोबर आहे. पण परिणाम पाहा. खोल्यांची प्रत घ्यावयाची तर किल्ली हवी. किल्ली घ्यावयाची तर खोल्या आधी रिकाम्या झाल्या पाहिजेत. म्हणजे पाच वर्षे वापरलेल्या, आठवणींनी भरलेल्या फोनाला ह्या विद्येचा काही उपयोग नाही. जो पहिल्याच दिवशी, फोन कोरा असताना, महाद्वार उघडून ठेवतो त्यालाच पुढे कधीतरी पूर्ण प्रत मिळते. दूरदृष्टीच्या माणसाला बक्षीस आणि गरजवंताला नकार! साध्या कुटुंबाच्या दृष्टीने पाहिले तर ही ह्या साऱ्या परंपरेची शोकांतिका म्हणावी लागेल.

मग सर्वांनी नवे फोन रूट करावेत काय? नाही. शून्य क्रमांकाचा अधिकार मालकाकडे आला की मालकाला फसविणाऱ्याकडेही तो जाऊ शकतो. अनेक बँकांची ॲपे अशा फोनावर चालण्यास नकार देतात. सॅमसंगच्या फोनांत तर परकी प्रणाली चढविली की नॉक्स नावाची एक खूण कायमची बदलते. पुढे मूळचे सारे परत बसविले तरी ती परत येत नाही. ज्या घरात ही विद्या जाणणारे कोणी नाही, तेथे रूटचा हट्ट म्हणजे विहिरीत उतरावयाची शिडी पोहता न येणाऱ्याच्या हाती देणे.

म्हणून माझा निर्णय असा. रूटवाल्यांच्या कृती अपुऱ्या आहेत, आडवळणी आहेत, क्वचित उर्मट आहेत. पण त्यांनी विचारलेला प्रश्न खरा आहे. माझ्या शब्दांची नक्कल मला करू द्यावी की नाही, हे दुसऱ्याने ठरवावे काय? कारखानदारांच्या कृती सुबक आहेत, सुलभ आहेत, आणि ह्या प्रश्नापुढे गप्प आहेत. ॲपकर्त्याला नकाराचा अधिकार द्यावयाचाच असेल तर त्या नकाराची यादी मालकापुढे ठळक अक्षरांत ठेवावी, आणि ‘डेटा’पुढचा तो कंसही काढून तेथे पुरे वाक्य लिहावे. एवढी मागणी काही जगावेगळी नाही. शाळेतल्या मुलाने गाळलेल्या प्रश्नापुढे ‘सोडविला नाही’ असे लिहावे, इतकीच ती आहे.

तोवर घरच्या माणसांनी करावयाचे थोडके आहे. जे ॲप आपल्या नोंदी स्वतःहून साध्या फाइलीत बाहेर काढून देते त्यातच मोलाचे लिहावे. अंगण महिन्यातून एकदा तारेने जोडलेल्या साठ्यावर उतरवावे आणि तो साठा फोनपासून दूर, कपाटात ठेवावा. बोलक्या निरोपांतले जे जपावयाचे ते कोणाचे आणि केव्हाचे, हे शेजारी दोन ओळींत लिहून ठेवावे. खोलीतला धागा तुटला तरी तेवढा धागा हाताशी राहील. आणि प्रत घेतली म्हणजे काम झाले असे समजू नये. पाडव्याला व्यापारी नुसती नवी वही पुजत नाही. जुन्या वहीची बाकी पुढे ओढून घेतो. त्याच दिवशी घरातल्या एखाद्या अडगळीतल्या फोनवर किंवा संगणकावर ती प्रत उघडून पाहावी. अनारशाचे प्रमाण सांगणारा आजीचा आवाज तेथे ऐकू आला, तर प्रत खरी.